देवमाशांच्या नोंदी बंदरातच व्हाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खोल समुद्रात देवमासा दिसला की त्याची बातमी बहुधा ‘महाकाय मासा’ किंवा ‘खुनी देवमासा’ अशा मथळ्याखाली छापली जाते आणि सोबत खलाशाच्या मोबाइलवरचे एक धूसर चित्र असते. ऑर्का ऊर्फ किलर व्हेल हा वस्तुतः डॉल्फिनच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी असून मोकळ्या समुद्रात त्याने माणसाला ठार मारल्याची खात्रीशीर नोंद नाही. मात्र माझी तक्रार मथळ्यापेक्षा त्या चित्राबद्दल अधिक आहे.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑर्का हजारोंनी असावेत अशा समजुतीने ते मत्स्यालयांसाठी पकडले जात. १९७१ साली मायकेल बिग या शास्त्रज्ञाने मच्छीमार, दीपगृहांचे रखवालदार आणि नौकामालक यांना हजारो प्रश्नावल्या पाठवून कोठे किती ऑर्का दिसले ते कळवण्यास सांगितले, तेव्हा एकूण संख्या काही शेकड्यांचीच निघाली. पुढे त्यांनी व सहकाऱ्यांनी पाठीवरील पराच्या (फिनच्या) खाचा आणि त्यामागचा खोगिरासारखा करडा डाग यांवरून एकेक प्राणी वेगळा ओळखला. ओळख पटल्यामुळेच पुढचे सारे कळले: तेथील मासे खाणाऱ्या कुटुंबांत मुलगे जन्मभर आईच्या कळपात राहतात, म्हाताऱ्या माद्या प्रजनन थांबल्यावरही अनेक वर्षे जगतात आणि सामन माशांची टंचाई असते तेव्हा कळपाच्या पुढे त्याच असतात, त्याच पाण्यात सील मारून खाणारे ऑर्का वेगळे आहेत आणि या दोघांत सोयरीक होत नाही. मासे खाणाऱ्यांपैकी दक्षिणेकडील गटात आज सत्तरीच्या आसपासच प्राणी उरले आहेत, कारण त्यांचे मुख्य खाद्य असलेला चिनूक सामन घटला आहे, जहाजांचा गोंगाट वाढला आहे आणि विषारी रसायने त्यांच्या चरबीत साठत आहेत.

आपल्या समुद्रात ऑर्का क्वचितच दिसतो, म्हणून एकेका नोंदीचे मोल अधिक. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर सामान्य माणसांनी काढलेल्या छायाचित्रांमुळे तेथील ऑर्का अबू धाबीजवळही दिसल्याचे जुळवता आले. देवगड-मालवणचा जो तांडेल (नौकेचा प्रमुख) किनाऱ्यावरच्या दोन खुणा जुळवून पाण्याखालचा खडक शोधतो, त्याला तारीख, जागा आणि किती वाव (सुमारे सहा फुटांचे माप) खोल पाणी होते हे लिहायला कोणी शिकवावे लागणार नाही. अडचण दुसरीच आहे. देवमाशाच्या उलटीच्या तस्करीच्या बातम्यांमुळे, काही कळवले तर आपलीच चौकशी होईल, असे अनेक खलाशांना वाटते, असा माझा अनुभव आहे. आणि जे पाठवतात, त्यांची चित्रफीत गाणे चिकटवून इतकी फिरते की मूळ तारीखच हरवते.

जाळे कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमारांना राज्यात भरपाई दिली जाते आणि त्यासाठी पुरावा म्हणून छायाचित्र मागितले जातेच. तोच मार्ग नुसत्या दर्शनाच्या नोंदीसाठीही खुला करावा, प्रत्येक मच्छीमार सोसायटीत एक वही ठेवावी आणि नोंद करणाऱ्याची चौकशी होणार नाही असे राज्याच्या वन विभागातील कांदळवन कक्षाने लेखी कळवावे. छायाचित्र पाठलाग न करता, बाजूने, पर आणि त्यामागचा डाग दिसेल असे घ्यावे. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपते. त्याआधी या वह्या बंदरांवर पोहोचाव्यात, एवढी विनंती आपल्या पत्रामार्फत संबंधितांकडे करीत आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, देवगड