नाणेघाटात धुकं असेल तर भिंतीकडे बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी सहलींचं पान येतं आणि त्यात नाणेघाटाचा उलटा धबधबा दरवर्षी असतो. यंदाही होता. धबधब्याशी माझं भांडण नाही. कोकणातून येणारा वारा कड्याला आपटून वर वळतो आणि पडणारं पाणी माघारी उडवतो, हे एकदा तरी बघावं असंच आहे. पण त्या पानावर गाडी कुठे लावावी, कणीस कुठे चांगलं मिळतं, धुकं असल्यास काहीच दिसत नाही, हे सगळं आलं. तिथून हाकेच्या अंतरावर असलेल्या लेण्याला मात्र एक ओळ मिळाली नाही. 'काहीच दिसत नाही' हे वाक्य वाचूनच लिहायला बसलो.

ऑगस्टमध्ये आम्ही चौघे निवृत्त मित्र तिकडे जाऊन आलो. पुण्याच्या माणसाने जुन्नर, घाटघर करत गाडीने थेट माथ्यावर जावं हे शहाणपणाचं. आम्ही उलटं केलं. वाकडेवाडीहून सकाळची कल्याणची एसटी धरली, आळेफाट्यावरून माळशेज उतरलो आणि वैशाखऱ्याजवळ पायउतार झालो. घाट खालून चढायचा असतो, असा माझा हट्ट होता. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. तो माल वाहणाऱ्या बैलांना कुणी माथ्यावर गाडीतळ बांधून दिला नव्हता.

हट्टाची किंमत गुडघ्यांनी मोजली. सुरुवातीला रान आणि ओढे, मग चढ, मग शेवाळलेले दगड. अर्ध्या वाटेवर धुकं इतकं उतरलं की पुढच्याची पाठपिशवी दिसेना. शिट्टी वाजवत चाललो. नानाचा अंगठा हा कडा आणि जीवधन किल्ला, दोन्ही ढगात. माथ्यावरची गर्दी दिसण्याआधी ऐकू आली, स्पीकरवरच्या गाण्यासकट.

खालून येणाऱ्याला माथ्याच्या जरा अलीकडे आधी लेणं लागतं. त्यानंतर दोन कातळांमधली ती अरुंद घळ, आणि घळ संपल्यावर दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकत असत, असं सांगतात. मला तो तहानलेल्यांसाठी पाण्याचा असावा असं वाटतं, पण हे बोलून दाखवलं तर लोक रागावतात. वरून गाडीने येणाऱ्याला लेण्यासाठी मुद्दाम घळीतून खाली उतरावं लागतं. समोर पांढरा पडदा असताना कोण उतरणार? रेलिंगपाशी अर्धा तास धुकं हटायची वाट बघायची आणि परत फिरायचं.

इथे एक कबुली द्यायला हवी. १९८४ साली, कॉलेजात असताना, मी याच लेण्यात एक रात्र राहिलो आहे. आम्ही आत चूल मांडली, पिठलं केलं, ओले कपडे वाळत घातले आणि मी डाव्या भिंतीला पाठ टेकून पहाटेपर्यंत पत्ते खेळलो. भिंतीवर काही कोरलंय हे दिसलं होतं. काय, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. पुढे मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. शून्य भारताने दिलं हे दरवर्षी छाती फुगवून सांगितलं, आणि आकड्यांच्या आपल्याकडच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी काही ज्या भिंतीवर आहेत तिला आपण एक रात्र पाठ लावून बसलो होतो हे मला निवृत्तीनंतर वाचनात आल्यावर कळलं.

त्या भिंतींवर, डावीकडे दहा आणि उजवीकडे दहा ओळींत, सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, वय दोन हजार वर्षांच्या आसपास. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना नमन, आणि मग केलेल्या यज्ञांची व दिलेल्या दक्षिणेची लांबलचक यादी : गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे म्हणजे त्या काळची नाणी. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या मंडळींच्या मूर्ती होत्या. आता पावलांच्या खुणा आणि वर नावं तेवढी उरली आहेत. सिमुक सातवाहन, देवी नायनिका (हीच नागनिका), श्री सातकर्णी. इतिहासाच्या पुस्तकातली नावं अशी आपल्या डोक्याच्या उंचीवर, नुसत्या दगडात, भेटतात.

पण मी गेलो होतो आकड्यांसाठी. दक्षिणेची यादी म्हटली की संख्या आल्याच. तिथे एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. घाईने लिहिताना त्या दोन रेघा जोडल्या गेल्या की आपला २ होतो, करून बघा. चार हा साधारण अधिकच्या चिन्हासारखा. एकं स्थानचे १, २, ४, ६, ७, ९ सापडतात. ३, ५, ८ नाहीत. एकतर त्या दानांत लागले नसतील किंवा तो भाग झिजला असेल. आणि शून्य नाही. दहाला वेगळं चिन्ह, वीसला वेगळं, शंभरला वेगळं, हजाराला वेगळं. हजाराच्या चिन्हाला चार जोडला की चार हजार, शंभराच्या चिन्हाला चार जोडला की चारशे. एका ठिकाणी २४,४०० कार्षापणे आहेत. ती लिहिली आहेत तीन चिन्हांत : वीस हजार, चार हजार, चारशे. आजही आपण तोंडाने 'चोवीस हजार चारशे' म्हणतो तेव्हा शून्य कुठे उच्चारतो? लेणं बोलतं तसं कोरलेलं आहे. स्थानिक किंमत शिकवताना हे मला माहीत असतं तर फळ्यावरचा निम्मा खडू वाचला असता.

आम्ही पोचलो तेव्हा पाऊस चुकवायला हिंजवडीतली पाच-सहा मुलं तिथे थांबली होती. चेहरे पडलेले. "काका, पहाटे चारला निघालो आणि व्ह्यूच नाही." मी टॉर्च काढला. समोरून उजेड मारला तर भिंत सपाट दिसते. टॉर्च भिंतीलगत धरून तिरका उजेड पाडला की अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि ओळ उठून येते. हात न लावता दोन रेघा दाखवल्या. एका मुलीने लगेच विचारलं, "मग झिरो कुठाय?" माझ्या वर्गात हा प्रश्न इतक्या झटकन कधी आला नव्हता. पाऊणेक तास गेला. कणीस खायचं राहिलं म्हणून त्यांच्यातला एकजण शेवटी वर पळाला, तो भाग वेगळा.

म्हणून विनंती. पुढच्या वर्षी ते पान छापाल तेव्हा धबधब्याशेजारी चार बोटं जागा या भिंतीला द्या. दोन-चार आकड्यांचं रेखाटन आणि तिरक्या टॉर्चची युक्ती, एवढं पुरे. तिथे लेखाचा मराठी अर्थ आणि आकड्यांचा तक्ता असलेला फलक मला तरी त्या धुक्यात दिसला नाही; असल्यास तो घळीच्या वरच्या तोंडाशी, गर्दीच्या बाजूला हलवावा, आणि नसल्यास संबंधित खात्याने लावावा. जुन्नर परिसरात शाळांच्या सहली शिवनेरी आणि लेण्याद्रीला जातातच, त्यात पाचवी-सहावीच्या वर्गांना एक वाट इकडेही वाकडी करता येईल. पावसाळ्यात नको. मुलांसाठी डिसेंबर बरा, दगड कोरडे असतात.

छायाचित्रं हवी असल्यास पाठवतो. धुक्यामुळे दरीचं एकही आलेलं नाही. भिंतीची तीन चांगली आहेत, त्यातल्या एकात चार हजार स्पष्ट दिसतात.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक
सदाशिव पेठ, पुणे