सोनेरी हायड्रंटवाल्या अप्पांना

आदरणीय अप्पा,

स. न. वि. वि. तुम्हाला एकट्याला पत्र पाठवलं असतं तर "त्यात काय एवढं" म्हणून बाजूला ठेवलं असतंत. म्हणून चारचौघांत लिहितोय.

मुलाकडे सॅन फ्रान्सिस्कोला सहा महिन्यांसाठी आलो आणि दुसऱ्याच आठवड्यात कंटाळलो. मुलगा-सून कामावर, हिचे गुडघे धरलेले, आणि तो लाल पूल दोनदा बघून झालेला. त्या दिवशी एका चौकाच्या मधोमध विटांनी आखलेलं मोठं वर्तुळ न्याहाळत उभा होतो. हिला फोनवर सांगत होतो, "अगं, विहीर बुजवल्यासारखं काहीतरी आहे." मागून आवाज आला, "बुजवलेली नाही, भरलेली आहे. आधी फूटपाथवर या!"

नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात ३१ वर्षं काढलेल्या माणसाला परक्या मुलखात असा माणूस भेटावा, हे नशीबच. वर्तुळाखाली आग विझवायच्या पाण्याची टाकी आहे, साधारण ७५ हजार गॅलनची. मी तिथल्या तिथे हिशेब केला: दहा हजार लिटरचे २८ टँकर. अशा दीडशेहून जास्त टाक्या या शहराच्या पोटात आहेत आणि त्या कुठल्याच पाइपलाइनला जोडलेल्या नाहीत, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी मनात म्हटलं, कुठल्या इंजिनिअरचा हा शहाणपणा? मग तुम्ही १९०६ सालापासून सुरुवात केलीत.

१८ एप्रिल, पहाटे ५ वाजून १२ मिनिटं. भूकंपाबद्दल ऐकून होतो, पण शहर मुख्यतः आगीने गेलं हे माहीत नव्हतं. तीन दिवस जळत होतं, २८ हजार इमारती गेल्या. त्यातली एक आग तर कुणा बाईने तडकलेल्या धुराड्याखाली सकाळचा नाश्ता करायला चूल पेटवली म्हणून लागली. तिला आजही 'हॅम अँड एग्ज फायर' म्हणतात. शहरातल्या जलाशयांत पाणी होतं, पण हायड्रंट, म्हणजे रस्त्याकडेचे आग विझवायचे नळ, कोरडे. मुख्य वाहिन्या तीनशेएक ठिकाणी तुटल्या होत्या, विशेषतः दलदलीत भर घालून केलेल्या जमिनीत. पण मला खरा चटका लावला तो घरगुती जोडण्यांच्या आकड्याने: २३ हजारांवर फुटलेल्या. अप्पा, आमच्याकडे एका गल्लीत चार नळ फुटले तरी शेवटच्या घराला पाणी चढत नाही. इथे घर पडलं की त्याची जोडणी उघडी, आणि प्रेशर तिथेच संपलं. आता कळलं, टाक्या सुट्या का ठेवल्या ते. पाइप तुटला तरी टाकीतलं पाणी टाकीतच राहतं.

अग्निशमन दलाचे प्रमुख डेनिस सलिव्हन यांचं ऐकून तर जेवण गेलं नाही. सोन्याच्या शोधाच्या काळातल्या जुन्या टाक्या दुरुस्त करा, समुद्राच्या पाण्याची वेगळी यंत्रणा करा, असं हा माणूस आधीपासून सांगत होता. भूकंपात शेजारच्या हॉटेलचा भाग त्यांच्याच ठाण्यावर कोसळला आणि चार दिवसांनी ते गेले. त्यांनी मागितलेली यंत्रणा नंतर झाली. साहेब लोकांची फाइल सगळीकडे सारखीच चालते.

ग्रंथालयात तुम्ही ग्लॅडिस हॅन्सनबाईंबद्दल सांगितलंत. मृतांची यादी मागायला लोक येत आणि यादीच नव्हती. सरकारी आकडा पाचशेच्या आत. या ग्रंथपालबाई वर्षानुवर्षं एकेक नाव जमवत बसल्या आणि आकडा तीन हजारांवर नेला. तिथून निघताना आपण दोघंही बोललो नव्हतो.

आणि मग तो चढ! विसावा रस्ता आणि चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, डोलोरेस पार्कच्या डोक्यावर, सोनेरी रंगवलेला तो बुटका हायड्रंट. सगळे कोरडे असताना याला पाणी होतं. घोड्यांना बंब चढवेना, तेव्हा बेघर झालेल्या लोकांनी तो ढकलत वर नेला आणि मिशन भागाचा बराच तुकडा वाचला. मी धापा टाकत पोचलो, त्याच्यावर हात ठेवला. ऊन लागून लोखंड चांगलं तापलं होतं, आणि रंगाचे थर इतके की बोटाला ओघळ लागत होते. तुम्ही पाण्याची बाटली पुढे केलीत आणि म्हणालात, "आज याच्यात हेच पाणी."

तिथूनच पुढे हिल स्ट्रीटला नेलंत. १९१३ साली ४३६ क्रमांकाच्या घरात गदरवाल्यांचा, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उठलेल्या परदेशातल्या भारतीय क्रांतिकारकांचा, युगांतर आश्रम होता. त्याच गदरचा आमचा तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला आलेला. १९१४ मध्ये परतला, मेरठला बॉम्बसकट पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात फासावर गेला. माझं आजोळ तळेगावपासून दोन कोसांवर, आणि हे मला समुद्रापार तुमच्याकडून कळावं! लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

तुम्ही बारा गुरुवार दिलेत. एकदाही घड्याळ बघितलं नाहीत. हिच्यासाठी उतरणीचे रस्ते शोधून ठेवलेत, आणि निघायच्या आदल्या दिवशी काकूंच्या हातची थालीपीठं, तीही लोण्यासकट. त्याचे आभार वेगळे.

१८ एप्रिलला पहाटे हायड्रंट रंगवायला जाल. माझ्या वाटणीचा एक फवारा मारा. इकडे तेव्हा संध्याकाळ असेल. मी चहा घेऊन फोनपाशी बसलेला असेन.

आपला,
चौकात उभा राहिलेला पाणीवाला