बाबा, कुठेही सही करू नका

भांडुप, 14 जुलै

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

काल आईचा आवाज बसलेला वाटला. लावणी सुरू आहे आणि बाबा बांधावर बसून नुसते बघतात, एवढं सांगून तिने हळूच पाटल्यांचा विषय काढला. म्हणून हे लिहून पाठवतेय. फोनवर बाबा "बरं, बरं" म्हणून ठेवून देतात.

बाबा, तुमच्या अपघाताच्या भरपाईच्या दाव्याचा निकाल 3 जूनला लागला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 168 प्रमाणे विमा कंपनीने 30 दिवसांत सगळी रक्कम न्यायाधिकरणात, म्हणजे आपला दावा चालला त्या कोर्टात, भरायची असते. ती मुदत 3 जुलैला संपली. उशीर त्यांनी केलाय, तुमचं काही चुकलेलं नाही. 6 लाख 40 हजारांवर साडेसात टक्के व्याज आपण अर्ज केला त्या दिवसापासून ते पैसे भरेपर्यंत चालू आहे. दिवसाला साधारण 131 रुपये होतात.

"चार लाख रोख घ्या आणि मिटवा" म्हणत जो माणूस घरी येतोय, त्याच्या एकाही कागदावर सही करू नका. तो अपिलाची भीती घालतो. अपिलाला कंपनीला 90 दिवस आहेत, त्यासाठी आधी 25,000 रुपये भरावे लागतात, आणि नुसतं अपील केलं म्हणून वसुली थांबत नाही. हायकोर्टाची स्थगिती लागते.

वकीलबाई या आठवड्यात वसुलीचा अर्ज टाकतायत. कलम 174 प्रमाणे न्यायाधिकरण कलेक्टरांना दाखला पाठवतं आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. तुमची सगळी नोकरी तलाठी सजात गेली, ती वसुली कशी होते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. काही रक्कम बँकेत मुदत ठेवीत राहील, निकालातच तसं आहे. उपचारासाठी लागली तर अर्ज करून काढता येते.

बाबा, उलटतपासणीचा दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. कंपनीच्या वकिलांनी "आता चालता येतं ना?" विचारलं आणि तुम्ही भिडेखातर "हो, येतं की" म्हणालात. मग पिंजऱ्यातून उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरलात, उजवा पाय खालच्या पायरीवर टेकेना. न्यायाधीश साहेबांनी लिहिणं थांबवून ते पाहिलं. हे पैसे त्या पायाचे आहेत. कुणी उपकार म्हणून देत नाहीये, त्यामुळे मागायला लाजू नका.

पायात बसवलेली धातूची पट्टी काढायचं ऑपरेशन मात्र पैशांसाठी थांबवायचं नाही. माझी आवर्त ठेव पुढच्या महिन्यात पूर्ण होतेय, त्यातून करू. बाबांच्या पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो तेवढा पाठवा, नाव आणि खाते क्रमांक स्पष्ट दिसेल असा. वकीलबाईंना तो अर्जाला जोडायचाय.

आणि आई, पाटल्या सोनाराकडे नेल्या असशील तर उद्याच्या उद्या घरी आण.

तुमची,
सुमी