भोसरीतल्या त्या काकांचे आणि डबेवाल्या मावशींचे आभार
लातूरहून आयटीआय फिटर करून पुण्यात आलो तेव्हा ज्या ठेकेदाराने बोलावलं होतं त्याचा फोनच बंद, गेटवर वॉचमन म्हणाला इथे भरतीच नाही. भोसरी एमआयडीसीत चहाच्या टपरीवर बॅग घेऊन बसलो होतो, तिथे लेथवर (धातू कातायच्या मशीनवर) काम करणाऱ्या एका काकांनी स्वतःहून विचारलं, कुठला रे तू? सगळं ऐकलं आणि शिफ्टला जायच्या आधी मला त्यांच्या वर्कशॉपच्या मालकाकडे घेऊन गेले, म्हणाले पोरगं चांगलं वाटतंय, हेल्पर म्हणून ठेवा.

काम म्हणजे झाडू मारणं, मशीनखालच्या चिप्स (धातूचा कीस) भरणं, कानस घेऊन जॉबची बर (पार्टच्या कडेला राहिलेली खरखरीत धार) काढणं. काका म्हणाले, झाडताना पण बघत जा कोण कुठलं टूल लावतंय. आणि त्यांचा चहाचा ब्रेक ते माझ्यासाठी घालवायचे हो! रिजेक्ट झालेले पीस घेऊन व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात द्यायचे, आधी मला रीडिंग घ्यायला लावायचे मग स्वतः घ्यायचे, ०.०२ मिमीचा फरक आला तरी न चिडता परत मोजायला सांगायचे, नंतर तसंच त्याहून बारीक मोजणारं मायक्रोमीटर शिकवलं. आयटीआयमध्ये शिकलो होतो पण हात तिथे बसला.

डबेवाल्या मावशींनी तर पहिला पगार होईपर्यंत पैशाचं नावच काढलं नाही, उलट भाकरी जास्तीची ठेवायच्या.

आता मी सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) ऑपरेटर आहे. काका, मावशी, मनापासून आभार, दिवाळीला घरी येतोय भेटायला, आईला पण घेऊन येतो.