सईस पत्र: जेटीबद्दल थोडंसं

टाउन्सव्हिल, रविवार

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद.

दर शनिवारी तू छोट्या मुलांना टच फुटी (एकमेकांना न पाडता, नुसता हात लावून खेळायची रग्बी) शिकवायला जातेस हे कळल्यापासून बाबांनी ते निम्म्या गावाला सांगून झालंय. पण फोनवर तू म्हणालीस, "ती मुलं माझ्या तोंडाकडे बघत बसतात गं, मी काय जेटी आहे का?" त्या घाईत मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

जेटी, म्हणजे रग्बी लीगचा खेळाडू जोनाथन थर्स्टन म्हटलं की सगळ्यांना 4 ऑक्टोबर 2015ची सिडनीतली फायनल आठवते. वेळ संपता संपता काइल फेल्टने ट्राय केली, म्हणजे चेंडू रेषेपलीकडे टेकवला, आणि आपल्या टाउन्सव्हिलच्या काउबॉइजनी ब्रिस्बेनच्या ब्रॉन्कोसला 16-16 असं गाठलं. ट्रायनंतर मिळणारी वरची किक खांबांच्या मधून गेली की विजेतेपद आपलं. जेटीने साइडलाइनवरून मारली आणि चेंडू खांबाला लागून बाहेर! बाबा डोक्याला हात लावून बसले. मग जादा वेळेत फील्ड गोल (खेळता खेळता मारलेली एका गुणाची किक) मारला तोही त्यानेच. 17-16. 1995पासून खेळणाऱ्या क्लबचं ते पहिलं विजेतेपद.

मी मात्र जपून ठेवला तो त्यानंतरचा फोटो. मैदानावर जेटी आपल्या चिमुकल्या लेकीबरोबर बसलाय आणि तिच्याजवळ एक काळी बाहुली आहे. तुझ्यासाठी सावळी बाहुली शोधत मी किती दुकानं पालथी घातली होती! आणि सुट्टीत भारतात गेलं की कुणीतरी म्हणायचंच, "पोर गोड आहे हो, रंगाने जरा सावळी." मला तो फोटो बघून एवढं भरून आलं, तर इथल्या अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवासी समाजातल्या आयांना काय वाटलं असेल? 1967च्या सार्वमतापर्यंत देशाची लोकसंख्या मोजताना या लोकांना धरतच नसत. जेटीच्या आईकडचे लोक गंगरी, नैर्ऋत्य क्वीन्सलंडमधले. त्याच राज्यातल्या रोमा गावचा आर्थर बीटसन 1973मध्ये रग्बी लीगमध्ये ऑस्ट्रेलियाचा कर्णधार झाला. कुठल्याही खेळात हा मान मिळालेला तो पहिला अ‍ॅबोरिजिनल माणूस. म्हणजे जेटीच्याही पुढे कुणीतरी चालून गेलं होतंच.

आता तुझ्या शंकेबद्दल. अंगाने किरकोळ म्हणून सुरुवातीला कितीतरी क्लबांनी जेटीला नाकारलं होतं. 2004मध्ये बुलडॉग्ज या सिडनीच्या क्लबकडून फायनल जिंकला तेव्हा तो 21 वर्षांचा होता. कर्णधार स्टीव्ह प्राइसला दुखापतीमुळे खेळता आलं नव्हतं, तर याने विजेतेपदाची आपली अंगठी त्याला देऊन टाकली. पुढे चार वेळा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं डॅली एम पदक मिळालं, तरी गोलकिक मारून झाली की टी (चेंडू ठेवायची बैठक) स्वतः उचलायचा आणि ती आणून देणाऱ्या पोराच्या हातात ठेवून हात मिळवायचा. आपण स्टेडियमवर जायचो तेव्हा मी मुद्दाम त्या पोराचा चेहरा बघायचे. सामना संपला की डोक्यावरचं हेडगिअर काढून प्रेक्षकांतल्या एखाद्या मुलाला द्यायचा. हे करायला फार मोठा खेळाडू असावं लागत नाही, सई. ते तुला आजही जमेल.

2017मध्ये त्याला मानवी हक्क पदक मिळालं आणि 2018मध्ये निवृत्त होतानाच त्याने तरुणांना शिक्षण आणि नोकरीसाठी उभं करणारी जेटी अकॅडमी काढली. माझ्या मते त्याचं खरं मोठेपण या कामात आहे. चषक काय, दरवर्षी कुणीतरी उचलतंच.

ती छोटी मुलगी तुझा रंग बघून "तुझी मॉब कुठली?" असं विचारत होती म्हणालीस, आणि तू गडबडलीस. अगं, मॉब म्हणजे आपली माणसं, आपला समाज; किती आपलेपणाने विचारलं तिने! तिला आपलं सातारा सांग, आजी सांग, आणि मग तिचे लोक कुठले ते विचार. सगळ्यांची नावं नीट पाठ कर, उच्चारासकट. तुझ्या नावाची शाळेत काय दशा व्हायची ते तू विसरली नसशील. आणि परीक्षा जवळ आली म्हणून न सांगता गैरहजर राहू नकोस. येणार नसशील तर आदल्या शनिवारीच त्यांना सांग.

पुढच्या महिन्यात आम्ही ब्रिस्बेनला येतोय, शनिवार धरूनच तिकिटं काढलीत. मुलं किती आहेत ते कळव, त्या हिशेबाने शंकरपाळी करून आणते. कुणाला गव्हाची अ‍ॅलर्जी नाही ना, तेवढं आधी विचारून ठेव.

तुझी,
आई