कीपर छाटणीला गेला तेव्हा

नाशिक,
नोव्हेंबर

ती. बाबा आणि आई यांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "जिंकला का हरला?" मी म्हटलं, "हरलो, पण..." त्या पणच्या पुढचं तुमच्या कानातल्या मशीननं घेतलंच नाही. "बरं, बरं" म्हणून तुम्ही फोन आईकडे दिलात आणि आईनं बीपीच्या गोळ्यांवरून विषय थेट कुकरच्या रिंगवर नेला. म्हणून हे पत्र. आई, तू हे बाबांना मोठ्यानं वाचून दाखवशील तेव्हा मधला फुटबॉल गाळू नकोस. तो गाळलास तर पत्रात फारसं काही उरणार नाही.

आधी निकाल सांगते, म्हणजे बाबांचा जीव भांड्यात पडेल. आंतरमहाविद्यालयीन विभागीय स्पर्धेत आम्ही, म्हणजे मी आणि माझी कॉलेजची टीम, सेमीफायनलला गेलो आणि तिथं ३-१ नं हरलो. पण त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत आम्ही भल्याभल्यांना हरवलं आणि कुणीही हरवावं अशांकडून हरलो. स्टाफरूममध्ये चहा पिताना सगळे म्हणतात, मॅडम, तुमच्या पोरांचा काही भरवसा नाही. मला ते पटत नाही. पोरांचा भरवसा आहे. तीच अकरा पोरं ठरल्या दिवशी मैदानावर सापडतील याचा नाही.

तुमच्याकडे कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पाऊस सरल्यावरचा खेळ. शाहू स्टेडियमवर केएसएचा, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा, हंगाम लागतो तो थंडीत, आणि पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना असेल तर डोक्यावर ऊन घेऊन गॅलरीत बसायचं. विद्यापीठाचं कॅलेंडर याच्या बरोबर उलटं. जून-जुलैत कॉलेज भरतं, दिवाळीच्या आगेमागे सत्र परीक्षा, म्हणजे मधल्या भर पावसात सगळं उरकायचं. आमचं मैदान काळ्या मातीचं. एकदा भिजलं की बुटाच्या तळाला किलोभर चिखल घेऊन पोरं पळतात. त्यातच सकाळी एनसीसीची परेड, एका कोपऱ्यात कबड्डी आणि उरलेल्या जागेत क्रिकेटवाले. गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, की अर्धं नाशिक पुलावर पाणी बघायला आणि आमची पोरं जिमखान्याच्या पत्र्याखाली बॉल घेऊन उभी. एकेक आठवडा असा गेला. वर २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते खोदलेत, त्यामुळे पाऊस नसेल त्या दिवशी पोरं वेळेवर पोचत नाहीत.

टीम कशी आहे ते सांगते. गोलकीपर दिंडोरीकडचा, घरची चार एकर द्राक्षबाग, पहिल्या एसटीनं येतो. उंच आहे, हात लांब आहेत, आणि बोलत अजिबात नाही. कीपरनं बोलायला पाहिजे हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, पण त्याची भरपाई स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू, करतो. तो मालेगावचा. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलाय, त्यामुळे साधं "सोड" म्हटलं तरी पलीकडच्या गोलपर्यंत ऐकू जातं. उजवा विंगर सुरगाण्याचा, इथं आदिवासी वसतिगृहात राहतो. पोरं त्याला "सावरपाडा एक्स्प्रेस" म्हणून चिडवतात. धावपटू कविता राऊतचं सावरपाडा हरसूलकडं, हा राहिला सुरगाण्याचा, पण शहरातल्या पोरांना डोंगर म्हटला की सगळा एकच. त्याला काही वाटत नाही. उलट २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं दहा हजार मीटरला ब्राँझ मिळवलं हे त्याला कुठल्याही क्षणी सांगता येतं. बाकी चौघं-पाचजण सिडको-सातपूरचे, कंपनी कामगारांची मुलं, सिटीलिंकच्या बसनं येतात. दोघं देवळाली कॅम्पचे, त्यांना लष्करी मैदानांच्या कुंपणाबाहेरून फुटबॉल बघायची सवय आहे आणि पासिंग त्यांचंच सगळ्यात नेटकं.

ऑगस्टमध्ये एका निमंत्रित स्पर्धेत पहिले दोन सामने आम्ही लीलया जिंकले. तिसऱ्यात समोर जे कॉलेज होतं त्यांच्या जर्सीचे रंगसुद्धा जुळत नव्हते. पूर्वार्धात आम्ही इतक्या संधी घालवल्या की मोजायचं सोडून दिलं. मग उत्तरार्धात आमच्या लेफ्ट बॅकनं निवांतपणे कीपरकडे बॅकपास दिला. बाबा, तो बॉल निम्म्या वाटेत डबक्यात पडला आणि जागेवर थांबला. आपल्याच पोरानं पायानं दिलेला बॉल कीपरनं पायानंच मारायचा, हात लावता येत नाही. १९९२ पासूनचा हा नियम आणि तुम्हाला तो अजून मंजूर नाही हे मला माहीत आहे. कीपर एक पाऊल पुढं, एक मागं, तेवढ्यात त्यांचा फॉरवर्ड आला आणि बॉल नेटमध्ये. ०-१. घरी येऊन तुमचंच वाक्य आठवलं: पावसात पास नको, फटका हवा. तुमच्या या मताशी मी कायम भांडत आले, पण त्या आठवड्यापासून आम्ही चिखलात बॉल उचलूनच खेळायला लागलो. मधल्या फळीत एक माणूस वाढवला, पुढं एकटाच ठेवला आणि विंगरला सांगितलं, कडेनं जा, कडेला गवत आहे.

त्यावर विभागीय स्पर्धेतले पहिले दोन्ही सामने निघाले. आणि मग क्वार्टरफायनल, गेल्या वर्षीच्या विजेत्यांशी. हा सामना तुम्ही बघायला हवा होता. पाऊस असा की पलीकडचा लाईन्समन दिसत नव्हता, फक्त झेंडा दिसायचा. पूर्ण वेळ गोलशून्य. आमच्या स्टॉपरनं किती हेडर मारले असतील, शेवटी त्याच्या कपाळावर बॉलची शिवण उमटली होती. टायब्रेकर, पाच-पाच पेनल्टी किक. आमच्या पाचातले चार गोल. त्यांचे चारांतले तीन. पाचवी किक. कीपरनं उजवीकडे झेप घेऊन अडवली. पोरं मैदानात धावली आणि रेफ्रीनं शिट्टी मारून हात वर केला: किक पुन्हा. कीपरचे दोन्ही पाय रेषेच्या पुढं आले होते. एक तरी पाय रेषेवर पाहिजे, हे बरोबरच होतं, मी भांडायला गेले नाही. आमची बाकावरची पोरं मात्र रेफ्रीच्या सात पिढ्यांपर्यंत पोचली होती, त्यांना आधी गप्प केलं. कीपरकडे पाहिलं तर तो हातमोज्यावरचा चिखल पुसतोय. तोच मुलगा पुन्हा किक मारायला आला, या खेपेला दुसऱ्या बाजूला मारली, आणि यानं तीही अडवली. तेव्हाही हा काही बोलला नाही. नंतर फक्त विचारलं, "मॅडम, सेमी कधी आहे?"

मला वाटलं उत्साहानं विचारतोय. तो तारीख जुळवत होता.

आई, हे तुझ्यासाठी थोडं सविस्तर. इथं द्राक्षाची गोडी छाटणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात असते. छाटली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावायची, आणि ती एक-दोन दिवसांत लागलीच पाहिजे. उशीर झाला तर फूट मागेपुढे होते आणि वर्षाचं गणित बिघडतं. त्यासाठी मजुरांच्या टोळ्या पेठ-सुरगाण्याकडून येतात आणि त्यांच्या तारखा आधीच लागलेल्या असतात. पाऊस लांबल्यामुळे त्यांची तारीख पुढं ढकलली गेली होती, आणि टोळी मिळाली ती नेमकी सेमीफायनलच्या दिवशी. वडिलांच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, भाऊ अजून शाळेत. टोळीवर उभा राहणार कोण? आदल्या संध्याकाळी तो मैदानावर येऊन स्वतः सांगून गेला. मी म्हटलं, जा. आणि गंमत म्हणजे ती टोळी आमच्या विंगरच्या पाड्यावरची. त्याचे काका त्याच टोळीत. म्हणजे एक जण बागेत उभा आणि दुसऱ्याचा काका त्याच्या बागेत वेलीशी वाकलेला, आणि विंगर इकडे मैदानावर. सकाळी विंगरनंच मला सांगितलं, अगदी सहज, जसं आपण सांगतो की आज लाईट नाही.

बदली कीपर पोटदुखीनं झोपलेला. शेवटी मालेगावच्या स्टॉपरला गोलमध्ये उभं केलं, म्हणजे मागची भिंत काढून दाराला लावली. पहिला गोल आमचा, विंगरनं कडेनं नेऊन दिलेला. मग कॉर्नरवर एक खाल्ला, फ्री किकवर दुसरा, आणि तिसरा शेवटी सगळे पुढं गेलेले असताना. स्टॉपर गोलमधून ओरडत होता, पण त्याच्या जागी कुणीच नव्हतं.

बाबा, तुम्ही आता काय म्हणणार ते मला माहीत आहे. सामना सोडून जाणाऱ्याला पुढच्या सामन्यात बसवायचं, तालमीत असं चालत नाही. आमच्या क्रीडा समितीतल्या एकांनीही हेच सुचवलं. मी ऐकलं नाही. आईनं मला एकदा सांगितलं होतं की लग्नाआधी तुम्ही तालमीच्या दुसऱ्या टीममध्ये होता आणि एका फायनलला गेला नाहीत, कारण उद्यमनगरच्या फौंड्रीत त्या दिवशी भट्टी लागली होती आणि साच्यात रस ओतायला माणूस कमी होता. ती गोष्ट तुम्ही कधी सांगितली नाहीत. पण त्यानंतर तुम्हाला कुणी बाहेर बसवल्याचंही आई म्हणाली नाही.

आणि निकालाचंच म्हणाल तर, २०१७ चा १७ वर्षांखालचा वर्ल्डकप आठवा. आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवसाठी सगळी गल्ली टीव्हीसमोर. अमेरिकेशी ०-३, कोलंबियाशी १-२, घानाशी ०-४. तीन सामने, तिन्ही हार, नऊ गोल खाल्ले आणि जिक्सन सिंगचा तेवढा एक मारला. तुम्ही पेपरातला भारताच्या टीमचा फोटो कापून देव्हाऱ्याशेजारी लावलात, तो अजून आहे. तेव्हा "हरला" हा शब्द तुमच्या तोंडून एकदाही आला नव्हता. मला एवढं मोठं काही म्हणायचं नाही, आमची पोरं कुठं आणि ते कुठं. पण कॉलेजच्या टीमला जो निकाल लागतो त्यात बागेची तारीख, एसटीची वेळ, वसतिगृहाचा नाश्ता, परीक्षेचा फॉर्म हे सगळे खेळलेले असतात, आणि स्कोअरमध्ये त्यांची नावं येत नाहीत.

ऑक्टोबरमध्ये हंगामातले उरलेले दोन सामने झाले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एक परीक्षेमुळे आठच पोरांनी सुरू केला आणि हरलो, दुसरा जिंकलो. विभागाच्या संघाच्या निवडीला आमचा विंगर आणि देवळालीचा एक गेले होते. विंगर निवडला गेला. त्याला आता स्वतःची बुटं लागतील. आतापर्यंत तो गेल्या वर्षी पास होऊन गेलेल्या एकाची बुटं घालत होता, पुढं कापड कोंबून.

आता आईनं विचारलेलं. तिकडच्या शाळेतली जागा मी यावर्षी घेत नाही. इथं मी अजून तासिका तत्त्वावर आहे, पगार उशिरा येतो, हे सगळं तू म्हणतेस ते खरं आहे. पण या टीममधले आठ जण पुढच्या वर्षी आहेत, आणि पुढच्या वर्षी मी जुलैतच प्रत्येकाच्या घरची छाटणी, लावणी, लग्न असं सगळं वहीत लिहून घेणार आहे. दुसरा कीपरही तयार करायचा आहे. मालेगाववाला स्टॉपर म्हणतो, मॅडम, कुणालाही उभं करा, मला सोडून.

डिसेंबरच्या शेवटी येते. बाबा, हंगाम सुरू झाला असेल तर शाहू स्टेडियमवरचा एखादा चांगला सामना बघून ठेवा, कीपर आणि विंगर दोघंही बरोबर येतायत. त्यांनी गॅलरी कधी पाहिलेलीच नाही. कीपर म्हणतो, द्राक्षघडांच्या विरळणीची कामं आटोपली की दोन दिवस निघेल, तरी त्याचं नक्की धरू नका. दोघांची झोपायची सोय माडीवर करा आणि बाबा, तुमचं मशीन नव्या बॅटरीसकट घालून बसा, कारण कीपर बोललाच तर फार हळू बोलतो.

आई, विंगरला तांबडा-पांढरा रस्सा चालेल, नुसता चालेल नाही तर धावेल. कीपर माळकरी आहे. त्याच्यासाठी वेगळ्या पातेल्यात पिठलं टाक.

तुमची,
थोरली