नंदू, तुझी उत्तरं कुठे गेली?

प्रिय नंदू,

परवा रात्री तू इंटरनेटवर लोकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांतलं वेलांटीचं उत्तर शोधायला गेलो, तर ते जागेवर नाही. रफाराचं बघितलं, तेही नाही. मग तुझं नाव घालून शोधलं, तर एकही सापडेना. तूच सगळं काढून टाकलंयस हे लक्षात आलं आणि झोपच उडाली. फोन करणार होतो, पण फोनवर आपण भांडतो आणि मुद्दा राहून जातो.

आईचा गुडघा आहे तसाच, माझी साखर आटोक्यात. तेवढं पुरे.

झालं असं, की नारायण पेठेतल्या छापखानेवाल्या काकांचा मुलगा एक सीडी घेऊन आला. काकांनी जुळवलेले जुने दिवाळी अंक, सगळे पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्रॅममध्ये, जुन्या फाँटात. कुठलासा कन्व्हर्टर लावून त्याने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे हल्ली सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, आणला होता. ‘धर्म’चं झालं होतं ‘धमर्’, आणि ‘स्थिती’तली पहिली वेलांटी स आणि थ यांच्या मध्ये अडकून ठिपक्यांच्या गोलावर बसलेली. पानंच्या पानं तशी. पोरगा अगदी रडकुंडीला आला होता, कारण काका आता बोलत नाहीत आणि त्यांचे संपादकीय लेख फक्त या सीडीवरच आहेत.

मी म्हटलं, थांब, आमच्या नंदूने हे लिहून ठेवलंय. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. तेव्हा ती पुढे नेताना एकच अक्षर ओलांडून भागत नाही, अख्खं जोडाक्षर ओलांडावं लागतं. रफाराचं उलट, तो जुन्या फाँटात अक्षरानंतर असतो, तो अक्षराच्या आधी आणायचा. आणि ‘आर्थिक’सारख्या शब्दात दोन्ही एकाच अक्षरावर आले की काय करायचं, तेही तू पायरीपायरीने लिहिलं होतंस. शेवटी ‘आता परत विचारू नका’ असा दमही भरला होतास. तू चिडून दिलेली उत्तरंच सगळ्यांत नेमकी असायची, मंदा अजून म्हणते.

तुझं म्हणणं मला माहीत आहे. आपण रात्री जागून लिहायचं आणि कंपन्यांनी ते यंत्रांना शिकवायला वापरायचं, आपल्याला विचारायचं नाही, नावही घ्यायचं नाही. नंदू, हा राग खरा आहे. २०२४च्या मे महिन्यात स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयशी करार केला, तेव्हा तिथल्या काहीजणांनी अशीच आपली उत्तरं पुसायला घेतली आणि उलट त्यांच्यावरच बंदी आली. ते वाचून मीही संतापलो होतो. पण उत्तर पुसल्याने यंत्राचं काय बिघडलं? त्याने ते केव्हाच वाचलंय. बिघडलं ते या मुलाचं.

आठवतं, लखानी आणि फॉन हिपेल यांचा २००३चा निबंध तूच मला वाचायला लावला होतास? वेबसाइट चालवणाऱ्या अपाचे सर्व्हरबद्दलच्या प्रश्नांना लोक फुकट उत्तरं का देतात, यावरचा. उत्तरं देणाऱ्यांचे ९८ टक्के कष्ट त्यांच्या स्वतःच्या शिकण्याच्या कामी येतात, कारण त्यांचा वेळ मुख्यतः इतरांचे प्रश्न आणि उत्तरं वाचण्यात जातो. उत्तर लिहायला काही मिनिटं पुरतात, कारण ते आधीच माहीत असतं. दुर्गा कॅफेतल्या कोल्ड कॉफीवर तू बापटला ऐकवलंस, ‘बघ, परोपकार वगैरे काही नसतं, आपण आपल्यासाठीच करतो.’ बापट उठून गेला. बिल मात्र तुला द्यावं लागलं.

त्या दिवशी मला बोलता आलं नाही, आज सांगतो. ९८ टक्के मान्य. पण शिकून झाल्यावर माणूस निघून का जात नाही? वाचलं, कळलं, संपलं. ती शेवटची काही मिनिटं तो का बसतो? मी का बसतो, ते मला पक्कं माहीत आहे. प्रश्न वाचताना समोरचा नेमका कुठे अडलाय ते दिसतं आणि त्याच जागी मीही अडलो होतो हे आठवतं. मग तिथून उठवत नाही. लॅबमध्ये मोडेम चालेना आणि सरदेसाई सर हात लावू देईनात, तेव्हा कुणा अनोळखी माणसाने आपल्याला एकेक कमांड लिहून पाठवली होती. त्याचं पूर्ण नावसुद्धा आपल्याला कळलं नाही. त्याला परत काही देता येणार नव्हतं, म्हणून आपण पुढच्यांना देत गेलो. तूच जास्त दिलंस. बार्शीच्या त्या मास्तरांसाठी पहाटेपर्यंत बसला होतास, तेव्हा कसलं शिकणं चाललं होतं तुझं?

खरी काळजी मला वेगळीच आहे. हल्ली लोक यंत्राला विचारतात, उत्तर मिळतं, बरंचसं बरोबरही असतं. विचारोत बापडे. पण ते बोलणं दोघांतच राहतं. पुढच्या अडलेल्याला ते दिसत नाही, त्यात चूक असली तर ‘अहो, हे असं नाही’ म्हणायला तिथे कुणी नसतं. आणि दुसऱ्यांचे प्रश्न वाचत वाचतच तर तू आणि मी उत्तरं द्यायला शिकलो. प्रश्नच उघड्यावर आले नाहीत, तर नवीन मुलं कुठून तयार होणार? अशा वेळी आहे तेही तू पुसायचंस?

मधूचं लग्न ठरल्याचं प्रकाशकडून कळलं. फार आनंद झाला, तारीख कळव. तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार.

तुझ्याकडे त्या उत्तरांची प्रत असेलच, तू कागदाचा कपटाही टाकत नाहीस. ती पाठव. नसेल, तर मी आठवून पुन्हा लिहितो आणि छापखान्यातल्या मुलाला शेजारी बसवून त्याच्याकडून एकेक पायरी करून घेतो. खाली नाव मात्र तुझंच घालणार आहे. चालेल की नाही, ते रविवारच्या आत कळव, त्याला मी रविवारी बोलावलंय.

तुझा,
अवि